आपल्यातलं न्हाई ते

‘आपल्यातलं न्हाई ते. मला नका इचारू,’ दिनकर म्हणाला आणि बाकांवरून ‘वा!’ असा आवाज उठला. नाटक बसवणाऱ्या शांतवन सरांनी मांडीवर थाप मारली. हार्मोनियमवाल्यानं उगीच एक सूर दाबून धरला. मी दिनकरच्या समोर उभा होतो. तो पेत्र, मी शेकोटीवर त्याला विचारणारा. आमच्या मधे फरशीवर एक बल्ब ठेवलेला, त्याला लाल जिलेटीनचा कागद गुंडाळलेला. ती शेकोटी. दिनकरनं दोन्ही हात शेकल्यासारखे पुढं धरले होते आणि तोंड माझ्याकडून जरासं फिरवलेलं. माझं पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं, ते तिथंच वाळलं. कारण दिनकर जे बोलला ते नाटकात नव्हतंच. नाटकात होतं, ‘मी त्या माणसाला ओळखत नाही.’ हे दुसरं वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. ह्याच तोंडातून, ह्याच चालीत, ‘न्हाई’वर जरा टेकून आणि शेवटचं ‘ते’ थुंकी टाकावी तसं सोडून. ‘थांबू नका, सटवाजी, पुढचं म्हणा,’ शांतवन सर म्हणाले. मी म्हणालो, ‘पानी प्यायचंय.’ लोक हसले. पेत्राला सोडून शेकोटीवालाच घाबरला म्हणून.

मार्च महिना होता. परभणीचा मार्च म्हणजे दुपारी पत्रा हाताला लागू देत नाही. मिशनच्या आवारातला हॉल जुना दगडी, उंच छताचा, म्हणून आत बरं होतं. बाहेर लिंबाचा फुलोरा गळत होता आणि आवाराच्या भिंतीवर कुणीतरी नामांतराची घोषणा निळ्या रंगात लिहिलेली, तिच्यावर दुसऱ्या कुणीतरी डांबर फासलेलं, आणि डांबरावर परत निळं. हे सगळं मी येतानाच बघितलं होतं, आणि बघून काही वाटलं नव्हतं, कारण शहरभर तेच होतं. पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, चर्चची मंडळी संगीत नाटक बसवणार होती. पाळकसाहेबांनी जाहीर केलं होतं की मंडळीबाहेरचा माणूस असला तरी चालेल, गळा पाहिजे. पाळकसाहेबांची स्कूटर माझ्याकडं यायची. जिंतूर रोडला माझी टपरी आहे, स्कूटर-मोपेड दुरुस्तीची. कार्बोरेटर उघडून मी पिन फुंकत बसलो की ते शेजारच्या खोक्यावर बसून गोष्ट सांगायचे. मला बाटवायला सांगत नव्हते. वेळ जात नव्हता म्हणून सांगत होते, आणि मला ते कळत होतं म्हणून मी ऐकत होतो. मी बौद्ध. देवाधर्माच्या गोष्टीला माझा कान लवकर लागत नाही. पण पेत्राच्या गोष्टीला लागला.

पेत्र साधा कोळी, मासे धरणारा. येशूच्या सगळ्यात जवळचा. येशूला पकडून नेलं तेव्हा बाकीचे पळाले, हा मागंमागं गेला आणि मोठ्या पुजाऱ्याच्या वाड्यात अंगणात लोक शेकत बसले होते तिथं अंग चोरून बसला. एक मोलकरीण म्हणाली, तू पण त्याच्याबरोबर होतास की. हा म्हणाला, छे. मग दुसरा म्हणाला, खोटं बोलतोस, तुझी बोलीच सांगते तू तिकडचा म्हणून. मी पिन फुंकायची थांबलो. ‘बोलीवरून वळखलं?’ मी विचारलं. ‘बोलीवरून,’ पाळकसाहेब म्हणाले. माझ्या अंगावर काटा आला. कारण ह्या शहरात आल्यापासून माझं तेच चाललेलं होतं. गिऱ्हाईक गाडी टेकवतं, दोन शब्द ऐकतं आणि विचारतं, ‘कुठले तुम्ही?’ मी गाव सांगतो. मग ते हळूच विचारतं, ‘म्हणजे कुणाचे?’ गाव सांगितल्यावर कुणाचे हा प्रश्न कशाला लागतो, हे मला कुणी समजावून सांगावं. दोन हजार वर्षांपूर्वी दूर कुठल्यातरी मुलखात एक कोळी शेकायला बसतो आणि त्याला त्याचं तोंडच उघडं पाडतं. हा माणूस मला करायचा होता. त्याला रडत म्हणायचं एक लांब गाणं होतं, आणि ते गाणं ह्या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणी म्हणू शकत नाही, हे मला माहीत होतं. भीमगीतांच्या पार्टीत मी गातो, पण तिथं लोक आधीच आपले असतात. मला परक्यांपुढं, उजेडात, तोंड दाखवून गायचं होतं. ह्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

आणि मी पाळकसाहेबांना तेव्हाच म्हणालो होतो की नाकारणं दर वेळी वाईट नसतं. आमच्या गावात एकानं मला असंच नाकारलं आणि त्यानं माझा जीव वाचला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ‘मग तो मनुष्य पेत्राहून मोठा.’ त्या दिवशी मी त्यांच्याकडून मजुरी घेतली नाही. दिनकरला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. तो आता परभणीतच असतो, मोंढ्याच्या बाजाराजवळ त्याचं बी-बियाणाचं दुकान आहे, हौशी नाटकात राजे-बिजे करतो, रुबाबदार आहे. ‘चल की,’ मीच म्हणालो, ‘तू बी कर कायतरी. एखादा शिपाई कर, दाढी लाव. आपुन दोघं एका स्टेजवर.’ मीच त्याला ओढून आणलं. येताना त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मी पेत्राची सगळी गोष्ट त्याच्या कानात ओरडत आलो. वारं होतं, अर्धं त्याला ऐकू गेलं असेल नसेल. पेत्रासाठी नाव कुणाकुणाचं, असं शांतवन सरांनी विचारलं तेव्हा मी हात वर केला, आणि माझ्याशेजारी दिनकरनंही केला. मला वाटलं गंमत करतोय.

पाणी माठातलं होतं, मातीचा वास असलेलं. मी पाठ करून प्यालो. मागं शांतवन सर सगळ्यांना सांगत होते, ‘बघितलंत? मी म्हणत होतो ना, पुस्तकी बोलू नका. घरी बोलता तसं बोला. पेत्र खेड्यातला आहे. दिनकररावांनी कसं आतनं काढलं! आपल्यातलं नाही ते! माणसाला “ते” म्हणाले, बघा, वस्तू केली त्याची. हे सुचत नाही, हे यावं लागतं.’ मालनबाई, मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स, मोलकरणीचं काम करणाऱ्या, त्या म्हणाल्या, ‘माझ्या तर अंगावर शहारा आला बाई.’ आणि दिनकर म्हणाला, ‘आवो, सहज आलं तोंडात.’ सहज. मला वाटलं तो आता माझ्याकडं बघेल, डोळ्यानं खूण करील, आठवतं का लेका म्हणून. मी गडू खाली ठेवून वळलो. तो मालनबाईंकडं बघत होता आणि कॉलरमधून मानेला वारा घालत होता. त्याला काही आठवलेलं नव्हतं. आठवून बोलला असता तर मी सोसलं असतं.

अठ्ठ्याहत्तर सालचा श्रावण. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि आमची घरं जळायला लागली. ज्यांनी आयुष्यात विद्यापीठाची पायरी बघितली नव्हती ते जाळायला निघाले, आणि ज्यांना विद्यापीठ कुठल्या दिशेला आहे माहीत नव्हतं त्यांची घरं जळाली. आमचं गाव ताडकळसच्या बाजाराचं. गावाला अजून आग लागली नव्हती, पण वास यायला लागला होता. दुपारची वेळ होती. मी दिनकरच्या आखाड्यावर होतो. आखाडा म्हणजे त्यांच्या शेतातलं पत्र्याचं खोपट, बैल, कडबा, खताची पोती, आणि वर लाकडी माळा. तिथं आम्ही दोघं वाढलो म्हटलं तरी चालेल. गावात तो मला शिवत नव्हता, आखाड्यावर एका भाकरीचे दोन तुकडे व्हायचे. तिथं त्याचा रेडिओ होता. मी गायचो, तो डब्यावर ठेका धरायचा. गाव सुरू व्हायचं तिथं आमची दोस्ती संपायची, ही हद्द आम्ही कधी बोललो नव्हतो, पण पायाला माहीत होती. त्या दिवशी दिनकर बाहेरून पळत आला, म्हणाला, ‘सट्या, माळ्यावर चढ. पोरं येयलेत. आवाज करू नको.’ मी चढलो. कडब्याच्या पेंढ्या अंगावर ओढून घेतल्या. पेंडीचा आणि युरियाचा वास, नाकात कुसळ, शिंक आली तर मेलो. आणि नेमका त्याच वख्ताला पाऊस आला, पत्र्यावर असा आदळायला लागला की स्वतःचा श्वास ऐकू येईना. माणसं बांधावर थांबली असावीत. ते काय ओरडत होते ते पावसात गेलं. दिनकर मात्र माझ्याखालीच, दाराच्या चौकटीत उभा होता, म्हणून त्याचं तेवढं वर आलं. ‘आपल्यातलं न्हाई ते. मला नका इचारू.’ मग पाय वाजले, चिखलातले. मग नुसता पाऊस.

तेवढंच. माझ्या आयुष्याचा तो तेवढाच तुकडा. त्याच्यावर मी काय काय बांधलं! गावात आम्हाला ‘तो’ म्हणत नसत. ‘ते आलंय बघ.’ ‘ते म्हाराचं पोरगं.’ ‘ते शिकायलाय म्हणं.’ माणसाला नपुंसकात टाकायची सवय. ती ऐकून ऐकून माझे कान राठ झाले होते. म्हणून ‘ते’ ऐकलं तेव्हा ते मीच, ह्यात मला शक आला नाही. मनाशी म्हणालो, ते लोक मला हुडकत आले, ह्याला म्हणाले तुझा दोस्त कुठं लपवलास, आणि हा हुशार, त्यांच्याच भाषेत बोलला, मला ‘ते’ म्हणाला, किळस आल्यासारखा आवाज काढला, म्हणून त्यांना पटलं. माझ्यासाठी दिनकर त्यांच्यासारखा झाला. त्या ‘ते’बद्दल मी त्याला माफ केलं, आणि नुसतं माफ नाही, मी त्याचं देवासारखं केलं. त्याच दुपारी, पाऊस उघडल्यावर, आमचं घर जळून गेलं. वस्तीच्या टोकाचं, दिनकरच्या वावराला लागून असलेलं. माझी माय सरजाबाई, ती शेळीचं दावं सोडायला आत गेली, शेळी निघाली, मायचे तळहात आगीत राहिले. तिची बोटं आता एकमेकांना चिकटलेली आहेत. भाकर थापता येत नाही, सून थापते. आणि ही बाई रोज सकाळी बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभी राहते, ती चिकटलेली बोटं जोडते आणि म्हणते, ‘दिनकरला सुखी ठिव. हात गेले तर गेले, लेक ऱ्हायला.’ तिला ही गोष्ट मीच सांगितली. तिच्या दुखण्यावर लावायला दुसरं काही नव्हतं माझ्याकडं.

‘चला, परत एकदा,’ शांतवन सर म्हणाले. ‘सटवाजी, तुम्ही पण पुस्तकातलं सोडा. तुमच्या बोलीत विचारा. जे उत्तर त्यांनी दिलं, ते यावं असं विचारा.’ मी परत त्या लाल बल्बाजवळ उभा राहिलो. त्यांनी सहज सांगितलं. नाटक बसवणारा माणूस, त्याला सवाल आणि जवाब जुळायला पाहिजेत, एवढंच. मी तोंड उघडलं. ‘तू त्याला वळखतोस की रं?’ असं विचारून बघितलं मनात. त्याला जवाब येतो, ‘न्हाई वळखत.’ ‘ते पोरगं कुठं लपलंय?’ त्याला जवाब येतो, ‘म्या न्हाई बघितलं.’ ‘तुझा दोस्त हाय म्हणं ते?’ त्याला येतो, ‘दोस्त कसला आलाय.’ मी एकेक सवाल लावून बघत होतो, जसं नेमकी चावी माहीत नसली की एकेक चावी कुलपात घालून बघावी. एकही बसेना. माणूस हुडकणाऱ्याला कुणी ‘आपल्यातलं न्हाई ते’ म्हणत नाही. मी म्हाराचा, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. आपल्यातलं नाही हे त्यांना सांगायची गरज काय होती? ज्याचं ठरायचं आहे, ठेवायचं का नाही, त्याच्याबद्दल माणूस असं बोलतो. आपल्यातलं आहे का? असेल तर सोडू. आपल्यातलं नाही. मग काय, नका विचारू. आणि ‘ते’. बैल तो, शेळी ती, माणूस तो. ते घर.

ते घर.

मी काय विचारलं, मला ठाऊक नाही. तोंडातून निघालं, ‘ठिवायचं का?’ आणि दिनकर, माझ्याकडं न बघता, हात शेकत, त्याच चालीत, एका दमात म्हणाला, ‘आपल्यातलं न्हाई ते. मला नका इचारू.’ कुलूप उघडलं. बाकांवर परत वाहवा झाली. शांतवन सर म्हणाले, ‘ठेवायचं का म्हणजे काय, सटवाजी? पण असू द्या, काहीतरी भयंकर वाटलं ऐकायला. चहा घ्या सगळ्यांनी.’

चहा बाहेर लिंबाखाली होता. दिनकर बशीत ओतून फुंकर घालत होता. मी त्याच्याजवळ गेलो. म्हणालो, ‘दिनकर, त्या दिवशी त्यांनी तुला इचारलं काय होतं?’

‘कोन्त्या दिवशी?’

‘आखाड्यावर. म्या माळ्यावर होतो. पाऊस चालू होता.’

‘आरं लेका, ते कशाला काढायलास आता? इतकं झ्याक चाललंय.’

‘माझं नाव घेतलं का त्यांनी?’

‘तुझं?’ त्याला खरंच हसू आलं. ‘तुझं कशाला घेतील? तुला कोन हुडकायलं होतं? तू काय पुढारी व्हतास?’ चहा ओढून घेत म्हणाला, ‘बन्सीधर व्हता जमावाच्या पुढं. म्हनला, वस्तीला आग लावायलोत. टोकाचं घर तुमच्या वावराला लागून हाय, तुमची उठबस हाय त्यांच्यात, ठिवायचं का? तेवढंच इचारलं. लोकाला घाई, पाऊस आलेला.’

‘मग?’

‘मग काय मग? म्या ठिवा म्हनलो असतो तरी जळलंच असतं. एवढा जमाव. कोन ऐकतंय?’

‘म्हणजे तुमच्या शब्दाला किंमत नव्हती गावात?’

‘आमच्या शब्दाला?’ त्याची मान ताठ झाली. ‘तात्यारावाच्या घरचा शब्द गावात कोन मोडीत व्हतं तवा? कोनाची टाप व्हती?’

बोलला आणि मग त्याला त्याचं ऐकू आलं. बशी ओठाजवळ तशीच राहिली. बापाच्या नावानं आलेला ताठा मानेतून हळूहळू उतरताना मी बघितला. लिंबाचा फुलोरा बशीत पडला, तो त्यानं बोटानं काढून टाकला. ‘म्या तुला लपवलं की सट्या,’ तो म्हणाला. ‘ते तर खरं हाय का न्हाई? माळ्यावर कोन चढवलं तुला?’ खरं होतं. पण आता मला तेही दुसऱ्या बाजूनं दिसायला लागलं. आखाड्यावर म्हाराचं पोर बसलेलं त्या पोरांना दिसलं असतं, तर लाज कुणाची गेली असती? मला लपवलं का स्वतःला? हा सवाल मी विचारला नाही. माझ्याजवळ जवाबच जवाब होते आता, सवाल उरले नव्हते. एवढी वर्षं मी ज्याचे पाय मनात धरले, त्याच्या लेखी त्या दुपारी मी नव्हतोच. माझ्या जिवावर कुणी आलंच नव्हतं, तर त्यानं वाचवलं काय? मी कडब्यात तोंड खुपसून त्याच्या हुशारीचं कौतुक करत पडलो होतो, आणि माझ्या खाली, चार हातांवर, तो माझ्या मायचे हात देऊन टाकत होता, पावसात दारात उभं राहायचा कंटाळा आला म्हणून. बरं, त्यानं मला फसवलं असं तरी म्हणावं, तर तो कधी म्हणालाच नाही की मी तुला वाचवलं. मी म्हणालो. दर वेळी मीच म्हणालो, आणि त्यानं एकदाही नाही म्हटलं नाही. हसून घेतलं. मायनं पाठवलेली भुईमुगाची पोतडी घेतली, तिळाचे लाडू घेतले, तिच्या डोक्यावरचा पदर त्याच्या पायापर्यंत वाकला तोही घेतला.

माय विचारणार होती. मी गेल्या गेल्या विचारणार होती, दिनकरला भेटलास का, काय म्हनला माझा लेक. तिला काय सांगू? तिचे हात काही परत येत नाहीत, आणि ज्यासाठी गेले ते पण आता काढून घेऊ? लोक म्हणतात खरं बोलावं. ज्यांची घरं जळत नाहीत ते म्हणतात.

‘चला, आता सटवाजी पेत्र,’ शांतवन सरांनी टाळी वाजवली. ‘आणि दिनकरराव शेकोटीवाले. गाणं नंतर ऐकतो, आधी नाकारणं बघू.’ दिनकर माझ्याआधी आत गेला, जरा घाईनं. आम्ही जागा बदलल्या. आता शेकत मी होतो. त्या कागदाच्या लाल उजेडात माझे हात माझेच वाटेनात. पेत्र मला करायचा होता. अजूनही करायचा होता, हे मी लपवत नाही. एक वाक्य बोलायचं, तोंड फिरवायचं, रडून गाणं म्हणायचं. गाणं तर गळ्यात भरून आलेलं होतं, असं कधीच आलं नव्हतं. मालनबाईंनी त्यांचं म्हटलं, मी मान हलवून छे म्हणालो. मग दिनकर पुढं आला. त्यानं माझ्याकडं बघायचं टाळून, कुठंतरी माझ्या खांद्यावर बघत विचारलं, ‘तू बी त्याच्याच संगं व्हतास की. वळखतोस का न्हाई त्याला?’

‘वळखतो,’ मी म्हणालो.

लोक हसले. शांतवन सर म्हणाले, ‘सटवाजी, पेत्र नाकारतो. परत.’ दिनकरनं परत विचारलं, आवाज खाली उतरवून. मी म्हणालो, ‘वळखतो. लहानपणापासून वळखतो. त्याच्या आखाड्यावर त्याची भाकर खाल्लीय म्या.’ ह्या वेळी कमी हसले. पाळकसाहेब खुर्चीत पुढं सरकले. त्यांना ती टपरीवरची गोष्ट आठवली असावी, कारण ते एकदा माझ्याकडं आणि एकदा दिनकरकडं बघत होते. ‘ऐका,’ शांतवन सर दमानं म्हणाले, ‘तुम्ही हो म्हणालात तर गोष्टच पुढं जात नाही. शेवटचं. न्हाई म्हणायचं.’ दिनकरनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. तो माझ्या जवळ आला आणि पुटपुटला, ‘न्हाई म्हन की, सट्या. काम जाईल तुझं.’

‘वळखतो,’ मी मोठ्यानं म्हणालो, ‘आज वळखलं.’

पेत्राचं काम दिनकरला गेलं. जायलाच पाहिजे होतं, त्याच्याइतकं ते कुणाला जमलं असतं? गाणं सोपं करून घेऊ, असं शांतवन सर हार्मोनियमवाल्याला म्हणाले. मी चपला घालायला दाराकडं निघालो तर त्यांनी थांबवलं. चांगला माणूस, त्यांना वाईट वाटत होतं. ‘एवढा गळा वाया जाऊ द्यायचा नाही,’ ते म्हणाले. ‘राग मानू नका. आम्हाला कोंबडा पाहिजे. येशूनं आधीच सांगितलेलं असतं, कोंबडा आरवायच्या आत तू मला नाकारशील. हा नाकारतो आणि कोंबडा आरवतो. मग पेत्राला आठवतं आणि तो बाहेर जाऊन रडतो. टेपवर घेतलेलं फार नकली वाटतं. तुम्हाला येतो का काढता?’

‘त्याला कोंबड्यानं आठवतं?’ मी विचारलं.

‘कोंबड्यानंच आठवतं.’

‘येतो,’ मी म्हणालो. ‘आत्ताच काढतो.’

‘वा! मग तिथं आडोशाला उभे राहा.’ मी आडोशाला गेलो नाही. दिनकर बल्बाजवळ उभा होता, त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. शांतवन सर हसले, म्हणाले, बरं, आज तिथूनच. दिनकरनं त्याचं वाक्य म्हटलं. ह्या वेळी पुस्तकातलं म्हटलं, शुद्ध, ‘मी त्या माणसाला ओळखत नाही.’ मी मान वर केली आणि आरवलो. खेड्यातला माणूस मी. हॉल घुमला. पोरंबाळं टाळ्या पिटायला लागली. आणि दिनकर रडला. तोंडावर हात घेऊन, गुडघ्यावर बसून, खांदे हलवत, असा रडला की मालनबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि पाळकसाहेबांनी चष्मा काढला. हात बाजूला केले तेव्हा त्याचे गाल खरोखर ओले होते. त्या आसवांत माझ्यासाठी काही आहे का म्हणून मी वाकून बघितलं. तो मला टाळून बाकांकडं बघत होता, कसं झालं म्हणून.

‘सुंदर!’ शांतवन सर म्हणाले. ‘बास. झालं आजचं.’

मी परत आरवलो. लोक हसले. दिनकर पण हसला, रुमाल काढून गाल पुसायला लागला. मी परत आरवलो. ह्या वेळी एक-दोघं हसले आणि थांबले. ‘सटवाजी, एकदाच आहे ते,’ शांतवन सर म्हणाले. घसा फाटत होता, तरी मी परत आरवलो. हॉलमधे कुणी हलेना. दिनकरचा रुमाल गालावरच राहिला. त्यानं एकदा लोकांकडं बघितलं, कुणी हसत नव्हतं, आणि मग त्याला दुसरीकडं बघायला जागा उरली नाही म्हणून त्यानं माझ्याकडं बघितलं.

‘बास की रं सट्या,’ तो हळू म्हणाला.

मी छाती भरून हवा घेतली.